अर्धी गिरकी

नवा कॉम्प्युटर चालू होईना, आणि त्या घरात याचं वाईट एकट्या मुलीलाच वाटत होतं. बाबा खूश होते.

खूश म्हणजे हसत-खेळत नव्हे. तिचा धाकटा भाऊ वारला त्याला आठ महिने झाले होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या या माणसाने तेव्हापासून ना रंधा हातात घेतला होता ना वर्तमानपत्र. मग एक दिवस त्यांनी धाकट्याच्या कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट माळ्यावरून काढलं, नवा मदरबोर्ड मागवला आणि व्हिडिओ बघत बघत सगळं स्वतः जोडलं. त्याची जुनी डिस्क लावून त्याचे फोटो बघायचे, असं ठरलं होतं. वायरी तर अशा बांधल्या होत्या की दुकानातल्या पोरांनी शिकावं. पण बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेई आणि सगळं गप्प. मागचा खटका बंद करून, जरा थांबून पुन्हा दाबलं की पुन्हा तेच.

"येतो आणि जातो," बाबा म्हणाले. "दिवसातून वीसदा बोलावतो मी. दर वेळी येतो."

मुलीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण सकाळचं ताट तसंच झाकलेलं होतं, आणि कोणाच्या दारावर हळूच टकटक करावी तसे बाबा त्या बटणाला हात लावायचे. हे आज संपलं नाही तर बाबा हातचे जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. रविवारची दुपार होती. ती मांडी घालून कामाला बसली.

पॉवर सप्लाय बदलून पाहिला. रॅम काढून पुन्हा बसवली. बटणाच्या वायरी तपासल्या. पंखा आपला अर्धी गिरकी घेऊन थांबे, आणि दर वेळी मागून बाबांचा श्वास ऐकू येई.

शेवटी तिने बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला. पंखा भरभर फिरला. पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवला, तर पुन्हा अर्धी गिरकी. बाहेर चालतं आणि त्याच्या डब्यात चालत नाही, म्हटल्यावर तिच्याही अंगावर काटा आला. स्वतःवरच चिडून तिने बोर्ड परत काढला आणि रिकाम्या कॅबिनेटच्या पत्र्यावरून तळवा फिरवला.

बोटाला एक पितळी स्पेसर लागला. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली असे बुटके खांब लावतात. धाकट्याचा जुना बोर्ड मोठा होता, हा लहान. हा एक खांब नको तिथे उभा होता, नव्या बोर्डाला पाठीमागून टोचत होता आणि त्यामुळे बोर्ड शॉर्ट होत होता.

"बाबा, हा काढायचा राहिला तुमच्याकडून."

"राहिला नाही."

तिने वळून पाहिलं. फळीवर खिळ्याचं टोक राहिलं तर ज्यांना जेवण जात नसे, ते हे बाबा.

"व्हिडिओत सांगितलं होतं, जास्तीचे काढा म्हणून," ते म्हणाले. "पण तो त्याने आवळलाय गं. त्याच्या हाताचा पीळ आहे त्यात. मी कसा सोडवू?"

तिला रडू आलं. तरी तिने पक्कड लावली. बाबांनी तोंड फिरवलं. धाकटा सगळंच जीव खाऊन आवळायचा. खांब जागचा हलेना. मग करकरला आणि तिच्या हातात आला.

बोर्ड बसवून तिने बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. स्क्रीन उजळली, तिच्यावर धाकट्याचं नाव आलं. बाबांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी मशीन बंद केलं, मागचा खटका पाडला, नेहमीएवढं थांबले आणि बटण दाबलं. पंखा सरळ फिरत राहिला. त्यांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं. चौथ्या वेळी त्यांचं बोट बटणापाशीच थांबलं.

"आधीसारखं करता येईल का गं?" त्यांनी विचारलं.

खांब तिच्या मुठीत होता. पाच मिनिटांचं काम होतं. आजवर कुठल्याच मशीनबद्दल ती कुणाशी खोटं बोलली नव्हती.

"नाही बाबा," ती म्हणाली. "एकदा सुटला की तो पुन्हा बसत नाही."