तळाला हात पोचला पाहिजे

माझा बाप विल्फ ऑर्म एकतीस वर्षं ब्रुअरीत होता, आणि एकतीस वर्षं त्याने बियर केली असं तो सांगत आला. ते खोटं होतं. बर्टन म्हणजे इंग्लंडातलं बियरचं गाव; तिथं ब्रुअरीत काम केलं म्हणजे बियर केली असं धरून चालतात, म्हणून कुणी खोदून विचारलं नाही इतकंच.

त्याचं काम चोथा उपसायचं. दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवायचं, त्यातून गोड रस काढून घ्यायचा, हे वरच्या मजल्यावर पांढऱ्या कोटवाल्यांनी करायचं. रस गेला, हौदात नुसता चोथा उरला, की घंटा व्हायची. मग माझा बाप आणि आणखी तिघे खालच्या झडपेतून आत शिरायचे. वाफेत, कमरेइतक्या चोथ्यात, फावडं घेऊन. त्याआधी वर काय होतं ते त्यांना कधी बघू दिलं नाही. दार बंद. का, तर स्वच्छता. माणसाला हौदात उतरवताना स्वच्छता आड आली नाही, बघायला आली.

गेल्या रविवारी क्लबात हॅलम भेटला. हा निवृत्त पांढरा कोट. बापाने सवयीने म्हटलं, "आपल्या वेळची बियर वेगळीच होती."

"आपल्या?" हॅलम म्हणाला. "विल्फ, आम्ही बियर केली रे. तू शेण काढलंस."

सगळे हसले. बापही हसला. तो हसला हे मला जास्त लागलं.

घरी येताना तो दोनदा थांबला. त्या वाफेनं त्याची फुप्फुसं खाल्लीत, जिना चढवत नाही. दारात टेकून म्हणाला, "लोरेन, एकदा बियर करायची. डब्यात मिळते त्या माल्टच्या काकवीत पाणी ओतून नाही. दाण्यापासून. श्वास पुरतोय तोवर."

शनिवारी घरी बियर करायचं सामान मिळतं त्या दुकानात गेलो. दाढीवाल्या दुकानदाराने आम्हाला सरळ एका चकचकीत नळकांड्यापुढे उभं केलं. पोलादाचं, आकडे दाखवणारा पडदा असलेलं, पंप असलेलं.

"दाणे टाका, बटण दाबा, झोपा जा. नवशिक्यांसाठी हेच," तो म्हणाला.

बापाने बाही वर केली आणि हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला, तरी बोटं अधांतरीच.

"तळाला हात पोचत नाही."

"हात कशाला घालायचाय, काका?"

"जिथं तळाला हात पोचत नाही तिथं माणूस उतरवावा लागतो," बाप म्हणाला. "कोण उतरणार? तू?"

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. म्हातारा आहे, सांभाळून घ्या, असलं हसू. मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? घेणारे ते आहेत."

बापाने निवड केली ती अशी. सहलीला नेतात ती उथळ, रुंद बर्फाची पेटी, कारण ती गारवा जाऊ देत नाही तशीच गरमीही जाऊ देत नाही. एक पितळी तोटी. पेटीच्या तळाशी रस गाळायला तांब्याची नळी, जिला घरी करवतीने खालच्या बाजूला चिरा पाडायच्या. उकळायला मात्र दुकानातलं काहीच नको, चॅपलमध्ये चहाचा जुना बंब पडून होता तो मागून आणला. थर्मामीटर चांगला घेतला. "इथं कंजुषी नको," म्हणाला. "सहासष्ट अंश म्हणजे सहासष्ट. वर गरम पाणी सोडणाऱ्याच्या शिव्या भिंतीपलीकडून ऐकल्यात मी."

मग माल्ट आलं. मोड आणून भाजलेलं जव, पाच किलो. दुकानदाराने ते आपल्या यंत्रातून दळून काढून पिशवी पुढे ठेवली. बापाने मूठ भरली, फुंकर मारली. तळहातावर पांढरं उरलं.

"हे पीठ आहे."

"बारीक असलं की साखर जास्त उतरते."

"टरफल कुठंय? टरफलाचंच पीठ झालं की रस खाली कशातून गाळणार? ज्या दिवशी चोथ्यात आख्खं टरफल नसायचं, त्या दिवशी आम्हाला दुप्पट वेळ आत राहावं लागायचं. सिमेंट व्हायचं त्याचं." त्याने पिशवी परत सरकवली. "आख्खे दाणे दे. आणि भरडायची हातचक्की दे. दोन रुळांची."

दुकानदाराचं हसू तिथं गेलं. "हे तुम्ही कुठं शिकलात?" त्याने विचारलं, आणि या वेळी खरंच विचारलं.

"तळाशी," बाप म्हणाला.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात मी चक्की फिरवली आणि बापाने भरडा तपासला. एकेका दाण्याचं टरफल उकलायचं, आतला पांढरा गर दोन-तीन तुकड्यांत पडायचा. पेटीत गरम पाणी, त्यात भरडा, लाकडी वल्ह्याने ढवळणं. तीन वल्ह्यांत त्याला धाप लागली, पण वल्हं सोडेना. थर्मामीटर सहासष्टवर थांबला. मी चमचाभर चाखलं. पिठाचं कोमट पाणी, दुसरं काही नाही.

"हे तर बेचव आहे, बाबा."

"मला काय विचारतेस? या टोकाला मी कधी होतो?"

झाकण लावून तासभर बसलो. तो खुर्चीत ताठ बसून होता, दवाखान्याबाहेर बसतात तसा. मला कळत होतं काय पणाला लागलंय. दुसरी खेप व्हायची नव्हती. हे बिघडलं, तर मरेपर्यंत हॅलमचं ते वाक्य खरं राहणार होतं.

तास झाला. मी पुढे होऊन तोटी पूर्ण उघडली. भसकन गढूळ पाणी आलं, मग बारीक धार, मग थेंब. मग काहीच नाही.

"तुंबलं." मी वल्हं उचललं.

"हात लावू नकोस! तोटी बंद कर."

"पण..."

"बंद कर म्हणतो ना, कार्टे! घाई केलीस. सगळा थर ओढून खाली बसवलास." तो उठला, पेटीला कान लावला. खरंच कान लावला. "वर हौदात असा थर बसला की मोठ्या नळाचा आवाज यायचा. घुर्र. खालच्या अंगाने. त्या दिवशी चोथा सैल निघायचा, फावडं अलगद जायचं. म्हणजे ते खालून पाणी सोडत असणार. थर उचलायला."

म्हणजे दार लावून घेतलं होतं त्यांनी, तरी या माणसाने भिंतीतून आणि फावड्यातून सगळं शिकून ठेवलं होतं. पगार मात्र फावड्याचा.

तोटीला रबरी नळी लावली, तिचं दुसरं टोक उंच धरलं, तोटी उघडली आणि नरसाळ्याने किटलीतलं गरम पाणी खालून आत सोडलं. थर हलला. दमेकऱ्याची छाती फुगावी तसा सावकाश वर आला. तोटी बंद करून दहा मिनिटं थांबलो. मग तोटी त्याने स्वतः उघडली, दोन बोटांनी, केसभर.

आधी गढूळ आलं. ते त्याने तांब्यात धरून हलकेच परत वर ओतलं. पुन्हा गढूळ, पुन्हा वर. चौथ्या खेपेला धार बदलली. मधाच्या रंगाची, काचेसारखी. आवाजही नाही.

त्याने कप धरला, फुंकर मारली, घोट घेतला.

मी बापाला लग्नात, मयतीत, ब्रुअरीने काढून टाकलं त्या दिवशी, सगळ्या वेळी पाहिलंय. असा चेहरा पाहिला नव्हता. त्याने कप माझ्याकडे दिला. गोड. दाट, भाजलेल्या पावासारखं, उसासारखं गोड. तासापूर्वीचं तेच पिठूळ पाणी. आम्ही साखरेचा कण घातला नव्हता. दाणे, पाणी आणि तासभर गप्प बसणं, एवढंच. मी देव मानत नाही, पण त्या क्षणी मी आवाज खाली आणला.

"हे माझ्या डोक्यावर व्हायचं," बाप म्हणाला. "रोज. एकतीस वर्षं. मी फक्त वास घेतला."

मला संताप आला, नेहमीसारखा. त्याला आला नाही. तो धारेकडेच बघत होता.

"तो हॅलम हे रोज बघायचा, लोरेन. रोज! आणि तरी त्याचं तोंड कडूच कसं राहिलं?"

बंब भरत आला तसा मी तो चालू केला. उकळी फुटली की हॉप्सची कडू फुलं टाकायची होती. लवकर उकळावं म्हणून बंबावर ठेवायला मी झाकण उचललं.

"ठेव ते खाली," बाप म्हणाला. खुर्ची ओढून बंबाला चिकटवली आणि वाफेत तोंड धरून बसला. "आता बघू दे."