जावईबापूंनी विकत घेतलेल्या ओळखी

मी बोलतेय ती एका बुटांच्या दुकानाची वेबसाइट. दचकू नका. माणसं दिवसभर माझ्याकडे टक लावून बघतात, तेव्हा त्यांना काही वाटत नाही. मी तोंड उघडलं की मात्र नवल. तर आता ऐकाच, कारण माझा संयम संपलाय.

माझा जन्म दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. खोलीला कातड्याचा आणि तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, भिंतीभर पायांचे लाकडी साचे, प्रत्येकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. माझे मालक साधे बूट करतच नाहीत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, घोटा वाकडा आहे, पंजा पूर्ण नाही, त्यांच्यासाठी ते बूट करतात. माप घ्यायला स्वतः जमिनीवर बसतात आणि समोरच्याचा पाय आपल्या मांडीवर घेतात. त्यांच्या धाकट्या मुलीने मला बनवलं. बूट कसे होतात, माप कसं घेतात आणि पत्ता, एवढाच माझा संसार. फोटोत मालकांचे फक्त हात आहेत, कारण फोटो म्हटलं की ते उठून आत जातात.

मी काही देखणी नव्हते. पण एखादी आई आपल्या लेकराच्या पायाबद्दल काहीतरी शोधायची आणि सर्च इंजिन तिला माझ्याकडे पाठवायचं. कसं पाठवायचं तेही सांगते. दुसऱ्या कुणी आपल्या पानावर माझी लिंक दिली की सर्च इंजिन समजतं, हा माणूस हिची ओळख सांगतोय, हिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. माझ्या अशा ओळखी थोड्याच होत्या. दोन-तीन डॉक्टर, एक शाळा. पण मनापासून दिलेल्या होत्या.

मग माझ्याकडे जावईबापूंचं लक्ष गेलं.

जावईबापू म्हणजे थोरल्या मुलीचे यजमान. माणूस मनाने सोन्यासारखा, पण हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की घरातले हळूच नाजूक वस्तू उचलून ठेवतात. मागे त्यांनी दुकानात एक फळी ठोकून दिली होती. मालकीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "जरा तिरपी वाटतेय का हो?" झालं! जावईबापू असे रुसले की समजूत काढायला माणसं पाठवावी लागली. फळी अजून तिरपीच आहे. तिच्यावर ठेवलेली पॉलिशची डबी रोज घरंगळते आणि रोज कुणीतरी मुकाट्याने उचलून ठेवतं.

असे हे जावईबापू एके दिवशी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "हिला कोण ओळखतं? जगात नाव व्हायला पाहिजे!" त्यांना कुठूनतरी एक लिंका विकणारा भेटला होता. सासऱ्यांवर उपकार करायचे आणि कुणाला कळूही द्यायचं नाही, म्हणून स्वतःच्या खिशातून त्यांनी माझ्यासाठी ढीगभर ओळखी विकत घेतल्या.

आणि काय ओळखी! केस उगवायच्या तेलाच्या पानावर मी. पत्ते खेळून श्रीमंत व्हा म्हणणाऱ्या पानावर मी. एका ठिकाणी तर लिहिलं होतं, "मासे पाळताना काचेच्या टाकीतलं पाणी वेळोवेळी बदला, म्हणजे मासे आनंदी राहतात, आणि सर्वोत्तम स्वस्त बूट घातल्याने तुम्हीही आनंदी राहाल." त्या 'सर्वोत्तम स्वस्त बूट' या शब्दांवर बोट ठेवलं की माणूस थेट माझ्या दारात. अहो, मी काय तोंड दाखवणार होते त्या माशांना?

पण थोडे दिवस खरंच मी पहिल्या पानावर झळकले. दुकानातला फोन खणखणू लागला. "धावायचे बूट आहेत का? एकावर एक फुकट आहे का?" मालक शांतपणे सांगायचे, "पायाचं माप द्यायला यावं लागेल." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज. ज्यांना खरी गरज होती त्यांना फोन लागेचना, कारण तो सतत फुकट्यांच्या कानाला.

सर्च इंजिनला काही डोळे नाहीत असं थोडंच आहे? एका सकाळी धाकटीने मला उघडलं आणि सर्च इंजिनचा निरोप मोठ्याने वाचला. तुमच्या साइटकडे अनैसर्गिक दुवे, म्हणजे विकतच्या लिंका, येत आहेत, म्हणून ही साइट शोधात दाखवली जाणार नाही. म्हणजे मी होते, माझी पानं होती, फोटोतले हात होते, पण मला शोधणाऱ्याला मी सापडणार नव्हते. दुकान गल्लीच्या टोकाला. रस्त्यावरून जाताना दिसत नाही. मला बघूनच लोक यायचे. ते यायचे थांबले आणि मालक जुन्याच बुटांना पुन्हा पुन्हा पॉलिश करत बसू लागले. "असंच चाललं तर गाळा सोडावा लागेल," असं ते मालकीणबाईंना म्हणाले तेव्हा मी तिथेच उघडी होते.

धाकटीने लगेच ओळखलं हे कुणाचं काम; न विचारता हात घालणारं घरात दुसरं होतंच कोण? ती आईला म्हणाली, "भावोजींना सांगूया. आधी नवीन लिंका बंद व्हायला हव्यात."

"खबरदार!" मालकीणबाई म्हणाल्या. "फळीचं विसरलीस का? तुझी ताई मध्येच अडकते गं. तू गुपचूप निस्तर ना."

मग सुरू झालं ते गुपचूप निस्तरणं. धाकटीने सर्च इंजिनला विनवणी केली, की कुणा अज्ञात माणसाने हे दुवे लावले, आम्हाला माफ करा. उत्तर आलं, नाही. तिने घाणेरड्या पानांच्या मालकांना लिहिलं, आमचं नाव काढा. निम्म्यांनी उत्तर दिलं नाही, आणि काढायचे पैसे मागणारेही भेटले. धाकटी समोरून एकेक काढतेय, आणि मागून जावईबापू? त्यांना दिसलं की साइट गायब झाली. त्यांनी काय करावं? आणखी दुप्पट लिंका घेतल्या! धाकटीने पुन्हा विनवणी केली, आम्ही सगळं साफ केलं. सर्च इंजिनने नकारासोबत नमुने पाठवले. सगळे त्याच आठवड्यात लावलेले, ताजे ताजे. मला तळपाय नाहीत, पण आग मस्तकात गेली. एका वाक्याचं काम होतं. "बापू, हे बंद करा." ते एक वाक्य अख्ख्या घरात कुणाच्या तोंडातून फुटेना. सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले, आणि इकडे माझा जीव चाललेला.

रविवारी दुपारी जावईबापू हसतमुखाने दुकानात आले. "बाबा, काळजी करू नका. इतके दिवस बोललो नव्हतो, पण आता आणखी पुष्कळ ठिकाणी नाव लावून टाकलंय तुमचं!" धाकटीने तोंड उघडलं. मालकीणबाईंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात दारात एक बाई आली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, एका बाजूला झुकून चालणारी. "हेच ना ते दुकान?" बाई धापा टाकत म्हणाली. "डॉक्टरांनी पत्ता दिला म्हणून सापडलात. किती शोधलं तुम्हाला नेटवर! मागे एकदा दिसला होतात, मग कुठे गेलात कोण जाणे. शेवटी हिला तयार बूट घेतले आणि आत पुठ्ठा घातला. बघा काय झालंय."

मालक जमिनीवर बसले, मुलीचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा काढला. टाच सोलवटली होती. मुलगी म्हणाली, "आता दुखत नाही," आणि पाय ओढून घेतला.

"नेटवर का नाही हो तुम्ही?" बाईने पुन्हा विचारलं.

जावईबापू पुढे सरसावले. "अहो, येणार लवकरच! मी स्वतः..."

"बापू," मालक पायावरची नजर न काढता म्हणाले, "तुम्ही विकत घेतलेल्या त्या लिंकांमुळेच आपण दिसत नाही. आता नका घेऊ."

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. जावईबापूंचा चेहरा पडला. ते त्या टाचेकडे बघत राहिले आणि निघून गेले.

मला वाटलं, आता हे रुसणार आणि आपण मेलो. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी स्वारी दारात हजर. "मेहुणीबाई, सरका," म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग रोज यायचे. एकेका पानाच्या मालकाला पत्र लिहायचे, फोन करायचे, शिव्या खायचे. जे काहीच काढेनात त्यांची नावं सर्च इंजिनला कळवली, की यांची ओळख आमच्या हिशेबात धरू नका. शेवटची विनवणी त्यांनी स्वतः लिहिली. "हे दुवे मी विकत घेतले. मी या घरचा जावई आहे. यांना कुणालाही विचारलं नव्हतं. चूक माझी आहे." त्या साध्या वाक्यांनी माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला. खरंच गेला.

माफी मिळाली. पहिलं पान मिळालं नाही. मी आता बरीच मागे, जिथवर फारसं कुणी येत नाही अशा पानावर आहे. मालकांनी गाळा अजून सोडलेला नाही, पण गाळ्याच्या मालकाला फक्त हिवाळा संपेपर्यंतचं बोललेत.

काल संध्याकाळी त्या बाईने लहान मुलांच्या आईबापांच्या एका पानावर चार ओळी लिहिल्या. "आमची मुलगी आज कठडा न धरता जिना उतरली. बूट इथे मिळाले." आणि 'इथे'वर माझी लिंक. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते.

आज सकाळी ती लिंक दिसताच जावईबापूंना घाम फुटला. "ही कुणी लावली? आईशप्पथ, मी नाही! थांबा, तिला लगेच काढायला सांगतो!"

आणि मी काय सांगू तुम्हाला! मालक, मालकीणबाई, धाकटी, सगळं घर आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात जावयावर ओरडलं, "नका हात लावू!"

जावईबापूंनी दचकून दोन्ही हात वर केले. ते तसेच वर राहू द्या हो बापू, माझी एवढीच विनंती आहे.