केरबाची हाक

नांदेडात लातूर रस्त्याला दोन शोरूम समोरासमोर उभ्या आहेत. एकीत रॉयलॉन विकतात, दुसरीत ग्रँडियर. दोन्ही गाड्या एवढ्या अवाढव्य की गल्लीत शिरल्या तर माणसांना भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं, आणि किंमत अशी की आकडा ऐकला की गिऱ्हाईक आधी पाणी मागतं. सुदर्शन रॉयलॉनवाल्यांकडे विक्रीला होता. समोरच्यांची एक गाडी खपली की ते मुद्दाम रस्त्याकडेला फटाक्यांची माळ लावत, आणि मग इकडे मॅनेजर मनस्विनी मॅडम दिवसभर कुणाशी धड बोलत नसत.

गाड्यांत म्हणाल तर डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं. तिकडे पाठ चेपून देणारी सीट होती, इकडेही होती. मग विकायचं कशाच्या जोरावर? ते सुदर्शनला एकदा बोलता बोलता सापडलं. उदगीरचा एक डाळमिलवाला गाडीत बसून नुसता नाक मुरडत होता. सुदर्शन सहज बोलून गेला, "साहेब, मी किल्लारीचा. आमच्याकडं माणसं छताखाली गेली. म्हणून मी गाडीचं आधी छत बघतो." डाळमिलवाल्यानं मान वर करून छताकडे पाहिलं. मग सुदर्शननं त्याला सिंधुकाकूची गोष्ट सांगितली.

गोष्ट खरी होती. सिंधुकाकू म्हणजे त्याच्या चुलत्याची बायको. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून दमलेला तिचा केरबा त्या रात्री तिच्या कुशीत झोपला होता. पहाटेच्या भूकंपात दगडामातीचं माळवद खाली आलं, मायलेकरांच्या मधोमधच ढिगारा पडला. काकूला लोकांनी बेशुद्धच बाहेर काढलं, ती शुद्धीवर आली ती सोलापूरच्या दवाखान्यात. केरबा सापडला तो दुसऱ्या दिवशी. ढिगारा उपसणाऱ्यांनी तिला सांगितलं, झोपेतच गेला, कूससुद्धा बदललेली नव्हती. या एका वाक्यावर त्या बाईनं पुढची सगळी वर्षं काढली. कुणी विषय काढलाच तर ती एवढंच म्हणायची, "माज्या लेकरानं हाकबी मारली न्हाई. त्याला काई कळलंच न्हाई."

सुदर्शनचा जन्म त्यानंतरचा, पत्र्याच्या शेडमधला. त्याची आई सदा आजारी, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घातलं ते काकूनंच. केरबासाठी उरलेली सगळी माया तिनं या पुतण्यावर ओतली, असं गावात म्हणत.

पण झोपेत गेलेल्या पोराच्या गोष्टीनं डाळमिलवाल्याचा हात चेकबुकाकडे जाईना. तेव्हा सुदर्शननं त्या गोष्टीत हाक घातली. ढिगाऱ्याखालून आलेली, "आई, आई" अशी, सकाळपर्यंत बारीक बारीक होत गेलेली. डाळमिलवाल्यानं डोळे पुसले आणि गाडी बुक केली. पुढच्या गिऱ्हाईकाला सांगताना सुदर्शनची जीभ थोडी अडखळली. त्याच्या पुढच्याला सांगताना अडखळली नाही. भीड चेपली की माणूस कुठवर जाईल याचा नेम नसतो.

मग लातूरचे आलोक सर आले. त्यांचा फिजिक्सचा क्लास. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या क्लासवाल्यानं ग्रँडियर घेऊन दारात उभी केली होती आणि त्याच्याकडे प्रवेशाची रांग लागली होती. लातूरला हल्ली पालक फळ्यावरचं कमी आणि दारातलं जास्त बघतात. ज्यानं स्वतःचं एवढं भलं केलं तो आपल्या लेकराला डॉक्टर करणारच, असा त्यांचा हिशेब. आलोक सरांनी केरबाची गोष्ट शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "गाडी घेतो. पण चावी त्या काकूंच्याच हातून घेणार. क्लाससमोर, पोरांसमोर. व्हिडिओ करू. त्याच्याकडं गाडी असेल, पण अशी गोष्ट नाही."

मनस्विनी मॅडम हरखून गेल्या. एवढं जमलं तर ग्रँडियरवाले या वर्षी मागे पडणार होते, आणि लातूरला निघणारी नवी शोरूम सुदर्शनच्या ताब्यात द्यायचं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. सुदर्शननं काकूला फोनवर सांगितलं, किल्लारीच्या जुन्या माणसाचा सत्कार आहे, फक्त चावी द्यायची. सरांना बाजूला घेऊन तो विषय काढू नका म्हणायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं? त्यानं सांगितलं नाही.

गल्लीत मांडव घातला होता. गॅलऱ्यांतून पोरंपोरी वाकून बघत होती. मधोमध रेशमी कापडाखाली रॉयलॉन. काकू हिरवं लुगडं नेसून आली होती आणि भेटेल त्याला सांगत होती, "ह्यो माजा पुतण्या. म्याच वाढवलाय."

आलोक सरांनी माईक घेतला. "काकू, केरबा ढिगाऱ्याखालून सकाळपर्यंत तुम्हाला हाका मारत होता. आमच्या पोरांना तुमच्या तोंडून सांगा."

काकूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं तसं. "कोन?" तिनं विचारलं.

"तुमचा केरबा. सुदर्शननं सगळं सांगितलंय आम्हाला."

काकूनं वळून सुदर्शनकडे पाहिलं. तो बॉनेटजवळ कापडाचं टोक धरून उभा होता. एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मनस्विनी मॅडम त्याच्याकडे बघत होत्या, मोबाईल रोखलेले होते, आणि सुदर्शन खाली वाकून कापडाची सुरकुती नीट करू लागला.

"हाव," काकू माईकमध्ये म्हणाली. "मारत व्हता म्हनं." पुढं तिला बोलता आलं नाही. लोकांना वाटलं, कढ आला. गॅलरीतल्या दोन-तीन पोरी रडायला लागल्या, मग टाळ्या पडल्या, नारळ फुटला, चावी दिली गेली. मॅडमनी सुदर्शनच्या पाठीवर थाप मारली. पायाखालची जमीन आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. आपल्या गावच्या माणसानं असं काही मनात आणावं याचीही त्याला लाज वाटली.

काकूला सोडायला तो स्वतःच्या जुन्या गाडीतून किल्लारीकडे निघाला. औसा मागे पडलं तरी ती बोलली नाही. शिव्या घाल, कानाखाली मार, पण काहीतरी बोल, असं तो मनात विनवत होता.

शेवटी ती म्हणाली, "सुदर्शन, तुला कुनी सांगितलं रं?"

"काय?"

"हाका मारत व्हता म्हून. उपसायला भुजंग व्हता. त्यानं सांगितलं का तुज्या बापानं?"

सुदर्शननं गाडी सोयाबीनच्या रानाकडेला घेतली आणि बंद केली. असं काही तिच्या मनात येईल हे त्याला सुचलंसुद्धा नव्हतं. "काकू, कुनीच न्हाई सांगितलं. म्या रचलं. गाडी खपावी म्हून रचलं. केरबादादा झोपेतच गेलता. माहूरच्या रेणुकामाईची आन." बोलता बोलता त्याला रडू फुटलं आणि त्यानं वाकून तिचे पाय धरले.

काकू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "असं कुनी रचतं व्हय, आपल्याच घरच्या लेकराचं?" ती म्हणाली. "तू न्हाईस तसा. म्या वाढवलंय तुला."

"न्हाई काकू, खरंच म्याच..."

"असू दे. समद्यांनी मिळून इतकी वर्सं माजी समजूत घातली. आता तू बी घालायलास."

त्यानं पुन्हा शपथ घातली. ती ऐकतच नव्हती. खिडकीतून रानाकडे बघत तिनं हळूच विचारलं, "लई वेळ मारत व्हता का रं?"