तिसऱ्या मजल्यावरचा कोपरा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर, नगरपालिकेच्या जुन्या अहवालांच्या कपाटांमागे, खिडकीला लागून एक टेबल होतं. तिथे बसणाऱ्या माणसाला मुलं ‘पुढचं वर्ष’ म्हणत. प्रबंध कधी संपणार असं कुणी विचारलं, की तो मान खाली घालून म्हणे, “बहुतेक पुढच्या वर्षी.” असं म्हणता म्हणता त्याचे केस पिकले, मार्गदर्शक निवृत्त झाले, मग वारले, आणि त्याच्याबरोबर नाव नोंदवलेला मित्र विभागप्रमुख होऊन बसला. विषय होता शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास. शहरात घरोघरी पाणी येऊन जमाना झाला; प्रबंध अजून नळापर्यंत पोहोचला नव्हता.

घर बायकोच्या पगारावर चाले. ती शाळेत शिकवायची. सकाळी डबा हातात देताना म्हणायची, “निघा आता, शहर तहानलंय.” तो हसायचा. त्याला ते टोमणे लागत नसत. उलट कुणीतरी प्रबंधाची आठवण ठेवतंय, याचं बरंच वाटे.

एके दिवशी ग्रंथालयाच्या दाराशी सूचना लागली. ग्रंथालयाची नवी रचना होणार होती. विद्यार्थ्यांनी आवारातली आपली अभ्यासाची सगळ्यांत आवडती जागा चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावी. सर्वाधिक पसंतीच्या जागेचा विशेष विचार केला जाईल.

त्याने सूचना पुन्हा एकदा वाचली. नवी रचना म्हणजे जुनं आधी बाहेर, हे त्याने इतरत्र पाहिलं होतं. पण ‘विशेष विचार’ या दोन शब्दांनी त्याला धीर आला. मुलांनी कोपऱ्याला पसंती दिली, तर कोपऱ्याला हात लावायची कुणाची छाती होणार होती?

ज्याने आयुष्यात कुणाकडे पेनसुद्धा मागितलं नव्हतं, तो प्रचाराला निघाला.

सभागृहाच्या पायऱ्यांवर पोरापोरींचा घोळका पुस्तकं पसरून बसला होता. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“काय हवंय, काका?” आखूड केसांच्या एका मुलीने विचारलं.

“तुम्ही चिठ्ठी टाकली का? आवडत्या जागेची?”

“मी कँटीनला टाकणार,” एक मुलगा म्हणाला. “माझा सगळा अभ्यास तिथेच होतो.”

“तुझा कसला अभ्यास होतो ते तिथल्या भज्यांनाही ठाऊक आहे,” ती म्हणाली आणि सगळे खिदळले.

मग तो बोलायला लागला. त्या कोपऱ्यात उजेड डावीकडून येतो, त्यामुळे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. दुपारी ऊन खांबाला वळसा घालून जातं, डोळ्यांवर येत नाही. कपाटांमुळे जिन्यातला आवाज अडतो. कागदाचा वास येतो, पण कुबट नाही. बोलता बोलता त्याचे कान लाल झाले. विभागात प्रबंधाबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा त्याची बोबडी वळली होती. इथे मात्र शब्द हात जोडून उभे होते.

“एवढी भारी जागा आहे, आणि इतकी वर्षं एकटेच दाबून बसलात होय?” ती मुलगी म्हणाली. “चला रे, काकांना निवडून आणू.”

पोरांना तेवढंच निमित्त. दुसऱ्या दिवशी वर्गावर्गांतून हाक फिरली. कोपरा कधी न पाहिलेल्यांनीही चिठ्ठ्या टाकल्या. कँटीन हरलं. झाडाखालचं बाक हरलं.

“निवडून आलात म्हणा की!” बायको म्हणाली. “आता खातं कुठलं घेणार? पाटबंधारे?” पण त्या संध्याकाळी तिने शेजारणीला ही बातमी दोनदा सांगितलेली त्याने ऐकली.

ग्रंथपालबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

“अभिनंदन तुमचं! खरं तर आम्ही तळमजल्यापासून सुरुवात करणार होतो. तिसऱ्या मजल्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. पण समिती म्हणाली, मुलांना इतकी आवडती जागा आहे, तर सगळा निधी आधी तिथेच घालू.”

“आणि कपाटं?”

“ती तळघरात हलवू. अहवाल कोण बघतं हो आता?” मग त्यांना आठवलं असावं. “म्हणजे, तुमच्याशिवाय.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो “बरं” म्हणाला.

काम झालं. कपाटं गेली, टेबल गेलं. लांबलचक गुबगुबीत बाकं आली, रंगीत उशा आल्या, कॉफीचं यंत्र आलं. जागा फोनवरून राखून ठेवायची आणि त्यासाठी चालू वर्षाची नोंदणी हवी. त्याची नोंदणी केव्हाच संपली होती. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तरी तो गेला. आखूड केसांची ती मुलगी लांबूनच ओरडली, “काका! बघा ना, तुमच्यामुळे झालं हे सगळं! किती छान वाटतंय!”

तिच्या बोलण्यात थट्टेचा लवलेश नव्हता. थट्टा असती तर त्याला सोसली असती.

“बसा ना. अं, तिथे नको, ती जागा माझ्या मैत्रिणीने राखलीय. तिची वेळ संपली की बसा.”

“नाही, मला जरा काम आहे,” तो म्हणाला आणि जिना उतरला.

घरी सगळं सांगितल्यावर तो टोमण्याची वाट पाहत राहिला. टोमणा आला नाही. सकाळी उठून पाहतो तर बायकोने जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं होतं. तिचे वह्यांचे गठ्ठे तिने पलंगावर नेले होते. टेबलावर त्याच्या टिपणांच्या फायली पुसून, ओळीने लावून ठेवल्या होत्या.

“सगळं उतरवून आणलंय ना तुम्ही? मग ते अहवाल हवेत कशाला? लिहून टाका आता. शेजारी सांगून ठेवलंय, दिवसभर कुणी बेल वाजवणार नाही.” आणि दार अलगद ओढून घेऊन ती शाळेत गेली.

तो बसला. उजेड डावीकडून येत होता. घरात चिटपाखरू नव्हतं. त्याने पेनाचं टोपण काढलं, कोरा कागद समोर घेतला.

कोपऱ्यात तो अहवाल काढायचा, वाचायचा, उतरवायचा, पुन्हा जागेवर ठेवायचा. खांबावरून सरकणारं ऊन पाहायचा. वर्षानुवर्षं त्याने प्रबंधाचं एक वाक्यही लिहिलं नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं. पण तिथे, त्या कपाटांच्या आड, ते कुणाला दिसत नसे, आणि दिवस कामात गेला असं वाटून तो घरी यायचा. इथे त्याच्यासमोर फक्त कागद होता.

संध्याकाळी बायको आली. कागदाकडे नजर जाऊ नये म्हणून ती मुद्दाम टेबलाच्या पलीकडून गेली. मग थोड्या वेळाने, लाजल्यासारखं, तिने विचारलं, “जमतंय ना इथे? उजेड पुरतो?”

इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या कुठल्याच टोमण्याचा त्याला राग आला नव्हता. या प्रश्नाचा आला.

“आवाज फार येतो,” तो म्हणाला. “असल्या गोंगाटात कुणाला लिहिता येईल?”

तिने कान देऊन ऐकलं. रस्ता रिकामा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कोऱ्या कागदाकडे पाहिलं, आणि खिडकी लावून घेतली.