हलका पाय

मामांनी लाल गाडीच्या मागच्या अंगाला दोन्ही तळवे टेकवले आणि तिला गदागदा हलवायला सुरुवात केली. पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ गाडीवर कसला तरी राग काढताहेत. पंपवाल्याला मात्र हे सारं पाठ होतं. खटका पडून पाइप आपोआप बंद झाला की थांबायचं, गाडी हलवायची, टाकीतले हवेचे बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि मग थेंबाथेंबानं पेट्रोल अगदी गळ्यापर्यंत भरायचं. पंप तोच, जमीन तीच, गाडीचं तोंडही त्याच दिशेला. फेरीला निघताना अशी भरायची आणि परत आल्यावर पुन्हा अशीच. दुसऱ्या वेळी टाकीत जेवढं मावेल तेवढं गाडीनं वाटेत प्यायलं, एवढा साधा हिशेब.

"अजून घेतेय," पंपवाला म्हणाला.

"घेऊ दे."

"अजून घेतेय, मामा."

मामांनी हलवणं थांबवलं आणि पंपाच्या मीटरकडे पाहिलं. मग ते गाडीला वळसा घालून आले आणि पुन्हा मीटरकडे पाहिलं. आकडा तोच होता.

गाड्यांच्या एका मासिकात ते नोकरीला होते. सख्खी भाची तीन वर्षांपूर्वी त्याच मासिकात लागली, ती मामा म्हणायची, म्हणून संपादकांपासून शिपायापर्यंत सगळेच मामा म्हणू लागले. मामांचं काम एकच. गाडी एका लिटरला किती धावते ते कंपनी सांगते, आणि खऱ्या रस्त्यावर खरोखर किती धावते ते मामा सांगायचे. कंपन्या लोकांना मामा बनवतात आणि आमचे मामा कंपन्यांना उघडं पाडतात, हा कार्यालयातला जुना विनोद होता. मामांना तो आवडायचा, पण तसं ते कधी कबूल करत नसत.

त्यांची खरी दौलत म्हणजे उजवा पाय. ॲक्सिलरेटरवर तो असा ठेवायचे, जणू खाली झोपलेलं मूल आहे. पडद्यावर ॲव्हरेज दाखवणाऱ्या जागी ते कागदी चिकटपट्टी लावत, कारण आकडा समोर असला की माणूस आकड्यासाठी गाडी चालवतो. भाचीलाही त्यांनीच गाडी शिकवली होती, चिकटपट्टीसकट.

या अंकात दोन स्पोर्टी गाड्या होत्या. बहिणी बहिणी म्हणाव्यात अशा. एक पेट्रोलवरची, लाल, आणि दुसरी डिझेलवरची, राखाडी. दोघींची चाकं रुंद, बसायची जागा खोल, आणि आवाज असा की सिग्नलला शेजारचा वळून बघणारच. ज्याला ॲव्हरेज विचारायचंय त्यानं अशी गाडी घेऊच नये, असं शोरूमवाले नाकानं कांदे सोलत सांगतात. घेणारा मान डोलावतो, आणि पहिल्या आठवड्यातच मासिकाला पत्र टाकतो, की हो, ही खरी किती देते?

भाचीनं डिझेलची फेरी आधीच संपवली होती. डिझेलनं दिलं ते अपेक्षेप्रमाणे. कंपनी सांगते त्याहून कमी, पण चारचौघांत सांगण्याजोगं. लाल गाडीकडून मामांनी तेराची आशा धरली होती. ती दहालाही पोहोचली नाही.

फोनवर संपादकांना आनंद लपवता आला नाही.

"दहासुद्धा नाही? मामा, अहो, मथळाच आहे हा. कंपनी सतरा म्हणतेय."

"घाई नको. उद्या बघू."

"उद्या संध्याकाळी पानं लागताहेत. तुमचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, मी काही दुसऱ्यांदा विचारत नाही."

मामांनी फोन खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. भाची बोनेटला टेकून उभी होती.

"उद्या अदलाबदल करायची ना?" तिनं विचारलं. "आकडा वेडावाकडा आला तर आधी चालवणारा बदलायचा, मग गाडीला नावं ठेवायची. तुम्हीच म्हणता."

"मीच म्हणतो," मामा म्हणाले, आणि विनाकारण टायर दाबून पाहिलं.

घरी येऊन त्यांनी बूट काढले तेव्हा उजव्या बुटातून एक खडा टपकन फरशीवर पडला. हरभऱ्याएवढा, चांगला टोकदार. मामा त्याच्याकडे बघत राहिले. हा कधीपासून आत होता? सकाळी टायरची हवा बघताना ते पंपामागच्या खडीतून चालले होते. म्हणजे अख्खी फेरी, शहर, चढण आणि महामार्ग, हा खडा त्यांच्या टाचेखाली होता आणि टाचेनं त्यांना काही सांगितलं नव्हतं.

आठच दिवसांपूर्वी ते फाटकापर्यंत एका पायात चप्पल घालून गेले होते. दुसरी दारातच राहिली होती. मामींनी हाक मारली तेव्हा त्यांना कळलं, आणि विचारात होतो म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. साखरेचं दुखणं जुनं. पायांची काळजी घ्या, असं डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, आणि मामा दर खेपेला हो म्हणायचे.

त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणला, खुर्चीपुढे ठेवला आणि खुर्चीत बसले. आधी डावा पाय. डोळे मिटून हलकेच दाबला, अगदी महामार्गावर दाबतात तेवढा. डोळे उघडले. काटा जेमतेम हलला होता. मग उजवा. डोळे मिटून तितकाच दाबला, त्याहूनही हलका. डोळे उघडले तेव्हा काटा चांगलाच पुढे गेलेला होता. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा. मग काटा बिघडला असेल म्हणून पाय बदलून पाहिले. काट्यात काही बिघाड नव्हता.

"वजन करायचं तर त्याच्यावर उभं राहतात," दारातून मामी म्हणाल्या.

मामांनी पाय उचलला.

मामींनी काटा पाहिला, फरशीवरचा खडा पाहिला, आणि काही न विचारता खडा उचलून खिडकीबाहेर टाकला.

"डॉक्टरांची वेळ घेऊ का उद्याची?"

"हा अंक जाऊ दे."

"अंक काय, दर महिन्याला असतो," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा राखाडी डिझेल गाडीत बसले. भाची लाल गाडी घेऊन तासाभरानं मागून निघणार होती. चिकटपट्टी लावली, काचा बंद केल्या, निघाले. आज पाय जपायचाच, असं ठरवून निघाल्यामुळे सगळं लक्ष पायाकडे लागलं आणि रस्त्याकडे कमी. थोडं दाबलं की गाडी उसळायची. सोडलं की ढेपाळायची. डिझेल इंजिनाचा जोर खालीच असतो, त्याला नुसता इशारा पुरतो, हे त्यांनीच कितीदा लिहिलं होतं. आज त्यांचा इशारा त्यांनाच ऐकू येत नव्हता. डोक्यात किडा वळवळत होता तो वेगळाच.

शहर संपता संपता एक सायकलवाला गल्लीतून बाहेर आला. मामांनी पाय ब्रेककडे नेला. नेला खरा, पण तो कुठे टेकलाय हे कळेना. त्यांनी खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या कडेवर अर्धाच होता. ब्रेक लागेपर्यंत गाडी बरीच पुढे सरकली होती. सायकलवाल्याला काही कळलंही नाही. तो शीळ घालत पलीकडे गेला. मामा मात्र मागून हॉर्न वाजेपर्यंत तिथेच थांबून राहिले, आणि मग उरलेली फेरी त्यांनी बैलगाडीच्या चालीनं पुरी केली. इतकं हळू येऊनही पंपावर टाकी भरली तेव्हा डिझेलचा आकडा भाचीच्या आकड्याहून पुष्कळ खाली होता.

आता शंकेला जागा उरली नव्हती. त्यांनी मनाशी वाक्य जुळवायला घेतलं. संपादकांना काय म्हणायचं, भाचीला काय म्हणायचं. एकही वाक्य धड होईना. ते पंपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले, आणि दर फेरीला बूट पायातच आहे ना हे वाकून बघत राहिले.

लाल गाडी आली. भाची उतरली. पंपवाल्यानं टाकी भरली, मामांनी हलवली.

"अजून घेतेय," पंपवाला म्हणाला.

लाल गाडी याही वेळी दहाच्या आसपासच अडकली होती.

"बघा," भाची म्हणाली. "गाडीच पिणारी आहे, मामा. माझ्याही हातात तेच. देऊन टाकू आकडा. डिझेलचं माझं कालचं धरू, आज वारा होता."

मामांचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, छातीवरचं काहीतरी कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं. गाडीच पिणारी. काटा जुना असेल. खडा परतताना गेला असेल बुटात. दीड दिवसात पहिल्यांदा त्यांना हसू आलं, आणि हसतच त्यांनी लाल गाडीच्या पुढच्या चाकाजवळ हात टेकला.

हात चटकन मागे घ्यावा लागला. चाक तापलेलं होतं. आणि वास येत होता, ब्रेक जळाल्यावर येतो तो. मामा वाकून तसेच राहिले. या मुलीला त्यांनी स्वतः शिकवलं होतं. लांबचा सिग्नल बघून ती आधीच पाय काढून घ्यायची. तिच्या हातात ब्रेक झिजायचेच नाहीत. असा वास यायला माणसाला मुद्दाम गाडी पळवावी लागते, मुद्दाम थांबवावी लागते, पुन्हा पळवावी लागते. सबंध फेरीभर.

ते उठून उभे राहिले.

"मामीचा फोन आला होता का तुला?"

भाचीनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"काल संध्याकाळी," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाली, तू सांभाळून घे."

पंपवाला उगाच पाइप पुसत बसला.

"मामा, एका गाडीचा एक आकडा," भाची हळू आवाजात म्हणाली. "एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो? तुम्हाला पडतो."

मामांना तिचा राग आला, आणि त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही.

"चाकं गार होऊ दे," ते म्हणाले. "मग हवा बघ, आणि पुन्हा फेरी मार. नीट."

"तुम्ही बसता शेजारी?"

"माझं वजन कोण वजा करणार? एकटी जा."

चाकं गार होईपर्यंत दोघं पंपाच्या बाकावर चहा पीत बसले. मामा दर थोड्या वेळानं उठून चाकाला हात लावून येत होते. शेवटी त्यांनीच दार उघडून धरलं आणि भाची निघाली. इतक्या वर्षांत ते पंपावर मागे राहिले, असं कधी झालं नव्हतं. पंपवाल्यानं त्यांना खुर्ची दिली. ते बसले, उठले, पुन्हा बसले. बसले की उजवा पाय जमिनीवर दाबून बघत होते, आणि तो दाबला जातोय की नाही हे डोळ्यांनी तपासत होते.

उन्हं कलताना लाल गाडी वळणावर दिसली. अलगद, ब्रेकचा लाल दिवासुद्धा न लावता, ती आपल्या आपण पंपाशी येऊन थांबली. ते थांबणं बघूनच मामांना आकडा कळला होता. तरी त्यांनी सगळं रीतसर केलं. खटका पडला. गाडी हलवली. पुन्हा भरली.

"बास," पंपवाला म्हणाला. "गळ्याशी आलं."

तेराला थोडं वर. मामांनी आकडेमोड स्वतः केली, पुन्हा केली, आणि भाचीकडे बघून मान हलवली.

"छान चालवलीस."

तिचे डोळे भरून आले होते. तिनं तोंड फिरवलं. मामांनी संपादकांना फोन लावला.

"तेरा लिहा," ते म्हणाले. "तेराला वर. स्पोर्टी पेट्रोलच्या मानानं चांगली आहे गाडी."

"तेरा? अहो, मथळा बसवून झालाय. कालचा आकडा मग?"

"तो गाडीचा नव्हता."

"मग कुणाचा होता?"

"माझा," मामा म्हणाले. "उद्या येतो कार्यालयात, बोलू. यापुढच्या फेऱ्या भाची करेल."

संपादक फक्त "या" म्हणाले.

राखाडी गाडीची किल्ली मामांनी पंपवाल्याकडे ठेवायला दिली. ती उद्या कुणीतरी येऊन नेईल. सवयीनं ते लाल गाडीच्या चालकाच्या दाराशी गेले, दाराला हातही लावला, आणि मग मागून वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. पट्टा शोधायला वेळ लागला. या बाजूचा पट्टा कुठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

भाचीनं गाडी काढली. शिकवल्याप्रमाणे, अगदी बेतानं, झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये अशी. महामार्ग लागला. समोर रस्ता मोकळा होता. मामांनी पुढे वाकून पडद्यावरची चिकटपट्टी सोलून काढली आणि तिची गोळी केली.

"आता कोण मोजतंय?" ते म्हणाले. "दाब की जरा. लोक ही गाडी कशासाठी घेतात, बघू तरी."

"मामा, ॲव्हरेज पडेल."

"पडू दे."

भाचीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाय दाबला. इंजिन गरजलं, गाडीनं पुढे झेप घेतली, आणि सीटनं मामांच्या पाठीत जोराचा धक्का दिला. तो त्यांना नीट कळला.