बोस्मांच्या दारची निळी सेडान

मित्रांनो, मी एक जुनी निळी सेडान आहे. माझ्या दारांच्या कडांना गंज धरला आहे आणि एक खिडकी अर्ध्यावर अडकते. पण एके काळी लोक मुद्दाम वाट वाकडी करून मला बघायला येत आणि बघून झाले की आपले मत देऊन जात.

माझा जन्म डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्यावर रंगाचे थरावर थर चढले, आसनांना मऊ चामडे शिवले गेले. आलिशान गाडी घ्यायची तर जर्मन, असे तेव्हा पैसेवाले अमेरिकन म्हणू लागले होते. त्यांना परत आपल्याकडे वळवायचे, एवढ्यासाठी मला घडवले होते. मग मला मिशिगनच्या पश्चिमेला, झीलँड गावातल्या एका दुकानाच्या काचेआड उभे केले.

त्या गावातल्या बहुतेकांचे पणजोबा हॉलंडहून आलेले. काटकसर त्यांच्या अंगात मुरलेली. तिथे माझ्यासारखी चकचकीत गाडी म्हणजे बोलायला चांगला विषय झाला. एक तरुण डॉक्टर मला चालवून आला आणि म्हणाला, "छान आहे, पण माझ्या सासऱ्यांना शोभेल. वळणावर नावेसारखी डुलते." एक बाई म्हणाल्या, "आत इतकं शांत वाटतं, की माझ्या नवऱ्याचं घोरणंच तेवढं ऐकू येईल." कोणाला माझे नाक फार मोठे वाटले, कोणाला माझे चामडे आवडले. विकणारा रॉजर सगळ्यांना मान डोलावत होता. घेत मात्र कोणी नव्हते.

एके दिवशी गेरिट बोस्मा आणि त्यांची बायको ट्रीना आले. त्यांचा ब्लूबेरीचा मळा होता आणि त्यांना मळ्यासाठी ट्रक हवा होता. ट्रीनाबाई काही वर्षांपूर्वी बर्फावर घसरून पडल्या होत्या, तेव्हापासून त्यांची पाठ कायम दुखत असे. गेरिट ट्रक बघत होते तेवढ्यात ट्रीनाबाईंना उभे राहवेना. माझे दार उघडे होते. त्या हळूच येऊन आत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"चल ट्रीना, झालं माझं," गेरिट म्हणाले.

"जरा थांब."

"का? दुखतंय?"

"नाही. तेच तर. दुखत नाहीये."

गेरिटनी मला पुढून मागून न्याहाळले. "ही काही आपल्यासारख्यांची गाडी नाही."

"मी कुठं घे म्हणतेय? बसू दे फक्त थोडा वेळ."

दोघे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेरिट एकटेच आले. रॉजर म्हणाला, "चालवून बघता का?" त्यांनी नको म्हटले. ते स्टिअरिंगपाशी बसलेच नाहीत. बायको बसली होती त्याच जागी बसले, तिच्यासारखेच डोळे मिटून. मग उठून म्हणाले, "ट्रक पुढच्या वर्षी बघू. ही द्या."

इतक्या लोकांनी मला पारखले होते, पण दुसऱ्याच्या पाठीसाठी पारखणारा हा एकच माणूस.

पहिल्या रविवारी मात्र त्यांनी मला चर्चच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी लावले. ट्रीनाबाई म्हणाल्या, "गेरिट, चोरून आणलीस का ही?" तेवढ्यात ट्रीनाबाईंचे थोरले भाऊ हार्म तिथे आले. ते चर्चच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी. मला बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"देवाच्या दारी यायला एवढी मऊ गादी लागते का गं?"

"दादा, बस जरा आत," ट्रीनाबाई म्हणाल्या.

"मी कशाला बसू?"

"अरे, बस तर."

हार्म बसले. खिशातली पेपरमिंटची गोळी काढून त्यांनी तोंडात टाकली आणि ती विरघळेपर्यंत उठलेच नाहीत. उठताना म्हणाले, "पुढच्या रविवारी मला घ्यायला येशील का गेरिट? माझ्या गाडीचं काहीतरी बिघडल्यासारखं वाटतंय." त्या रविवारपासून मी चर्चच्या पुढच्या बाजूला उभी राहू लागले.

मग माझी खरी नोकरी सुरू झाली. आयोवातल्या बहिणीकडे ट्रीनाबाई किती वर्षांनी गेल्या, त्या माझ्यात बसून. मागच्या आसनावर बदामाचे सारण भरून भाजलेले गोड रोल ठेवलेले असत आणि त्यांचा वास आठवडाभर माझ्यात राही. ग्रँड रॅपिड्सच्या दवाखान्यातही आम्ही जात होतो. पुढे पुढे तेच जास्त झाले. गेरिट खड्डा चुकवताना श्वास रोखत, हे फक्त मला कळत होते.

ट्रीनाबाई एका वसंतात गेल्या. दफनभूमीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत मीही होते. रिवाजाप्रमाणे माझे दिवे लावलेले होते, गेरिटच्या शेजारचे आसन रिकामे होते. गेरिटनी त्या आसनाचा पट्टा मात्र अडकवला होता.

पुढे त्यांची नजर मंदावली. आधी टपालाची पेटी पडली, मग माझा उजवा कान, म्हणजे बाजूचा आरसा, कुंपणाला घासला. मुलगी मार्लिस शिकागोची नोकरी सोडून घरी राहायला आली होती. ती रोज तोच विषय काढी.

"बाबा, किल्ल्या द्या."

"माझं लायसन्स अजून चालू आहे."

"लायसन्स आहे हो. डोळे आहेत का?"

गेरिट किल्ल्या खिशात टाकून बाहेर गेले. बरेच दिवस दोघांत कामापुरतेच बोलणे राहिले.

एका धुक्याच्या सकाळी गेरिट मला घेऊन निघाले. रस्त्यावर शाळेची पिवळी बस थांबली होती, तिचे लाल दिवे लागलेले होते; ते लागले की मागच्यापुढच्या सगळ्या गाड्यांनी थांबायचे असते. त्यांना काहीच दिसले नाही. अगदी शेवटी काहीतरी हलल्यासारखे वाटले आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. माझ्या नाकासमोरून एक मुलगी दप्तर सावरत पलीकडे गेली. तिने वळूनही पाहिले नाही.

बसवाली खाली उतरली. "मिस्टर बोस्मा, बरे आहात ना?"

"दिवे दिसलेच नाहीत मला," ते म्हणाले.

त्यांनी मला कडेला लावले, किल्ली काढली आणि ते पायी घरी गेले. पुढचे मी मार्लिसच्या तोंडून ऐकले. मला न्यायला आली तेव्हा ती माझ्यातच बसून मामांशी फोनवर बोलत होती. "हार्ममामा, त्यांनी किल्ली माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली. म्हणाले, गाडी बसपाशी आहे, घेऊन ये. एवढंच. मी भांडायची केवढी तयारी केली होती." आणि ती रडू लागली.

त्यानंतर मी कोठारात गेले. माझ्यावर ताडपत्री पडली. उंदरांनी बॉनेटखाली घर केले, टायर बसले. मार्लिसची स्वतःची छोटी गाडी होती. घरात गेरिटही माझ्यासारखेच बसून असत. मी कोठारात, ते खिडकीपाशी.

अशी काही वर्षे गेली. एका शरद ऋतूत कोठार रिकामे करायचे ठरले. मार्लिसने ताडपत्री ओढली. गेरिट काठी टेकत आले आणि त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

"विकायची ना बाबा?"

ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याआधी एकदा सरोवरावर जाऊन येऊ या?"

मार्लिस बघतच राहिली. "मला वाटायचं, तुम्हांला कुठं जावंसंच वाटत नाही."

"मला वाटायचं, तुला वेळ नसतो."

तिने कारागीर बोलावला. बॅटरी बदलली, टायर बदलले, उंदरांची सोय दुसरीकडे झाली. एका संध्याकाळी आम्ही मिशिगन सरोवराच्या काठी जाऊन उभे राहिलो. मार्लिसने काचा खाली केल्या, एक अर्ध्यावरच अडकली.

"काय दिसतंय?" गेरिटनी विचारले.

"पाणी."

"पाणी आहे हे मलाही ठाऊक आहे."

मार्लिस हसली. ती मुळात कमी बोलणारी. पण त्या दिवशी तिने सांगायला सुरुवात केली. लाल दीपगृह. त्याच्याजवळच्या धक्क्याच्या टोकाशी गळ टाकून बसलेला म्हातारा. पाण्यात जायला तयार नसलेला एक कुत्रा आणि त्याच्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरून हाका मारणारी त्याची मालकीण.

"गेला का कुत्रा?"

"नाही. वाळूत बसलाय. तीच भिजतेय."

गेरिट पोट धरून हसले. "आणखी काय?"

सूर्य पाण्यात टेकेपर्यंत ती सांगत होती आणि ते ऐकत होते. परत येताना मला विकण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी ताडपत्रीखाली काही पडून असेल तर ते कधीतरी उघडून पुसा, चालतंय का बघा. आणि घरात खिडकीपाशी कोणी गप्प बसलेले असेल, तर त्याला काही नको आहे असे धरून चालू नका. कुठे जायचंय, एवढे विचारा. उत्तर लगेच आले नाही तर थोडे थांबा.