जाता की राहता?

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एका शाळेत ‘एआय आणि तुमचं करिअर’ नावाचा नवा तास सुरू झाला आणि तो भावना मॅडमच्या गळ्यात पडला. विज्ञानाच्या सरांनी गोड बोलून अंग काढून घेतलं. मराठीची बाई काय, रिकामीच असते, असं संस्थेला वाटतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातंय!

त्याच सकाळी हेडसरांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की जूनपासून निबंध एआय तपासणार, तेव्हा मराठीला एकच शिक्षिका पुरे. ती एक म्हणजे भावना नव्हे. “मुलांना इतक्यात सांगू नका,” असंही ते म्हणाले. भांडायचंसुद्धा तिच्यात त्राण नव्हतं. ती फार थकली होती.

तरी नववीच्या फळ्यावर तिने दोन खाने आखले. ‘जाणारी कामं’ आणि ‘राहणारी कामं’. पोरं सुटलीच. टायपिंगवाला जाणार, न्हावी राहणार. काजलची बहीण प्रीती कॉल सेंटरात होती, तिचं काम गेलंसुद्धा. मॅडमने तेही मुकाट्याने लिहिलं.

“मॅडम, माहा बाबा म्हणते, ड्रायव्हरकीबी जाऊन राहिली,” मागून गोलू ओरडला.

“जाऊन राहिली म्हणजे काय रे? एक काय ते ठरव. जाते की राहते?”

वर्ग खदखदला. हा मॅडमचा जुना विनोद. ‘जाते आहे’ म्हणा, असं सांगून तिचा घसा बसला, पण नागपूरच्या एकाही पोराने ते ‘जाऊन राहिली’ सोडलं नव्हतं. खरं तर तिच्या माहेरीही तेच बोलत. ती ते शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यायची.

काजलने हात वर केला. “मॅडम, मास्तरीण कोन्त्या खान्यात?”

संस्थेने दिलेल्या पुस्तिकेत उत्तर छापलेलं होतं : शिक्षक राहणार. मॅडमने ‘राहणारी कामं’च्या खाली खडू टेकवला. हात काही पुढे सरकेना. इतकी वर्षं या पोरांना खोटं लिहू नका म्हणून सांगितलं होतं, आणि आता त्यांच्यासमोरच ते लिहायचं तिच्या जिवावर आलं.

पोरं त्या थांबलेल्या खडूकडे बघायला लागली.

“मॅडम,” काजल चाचरत म्हणाली, “तुमी जाऊन राहिल्या का?”

चूक दुरुस्त करायला हवी होती. ‘जात आहात का’ म्हणावं, काजल. पण मॅडमच्या तोंडून निघालं ते माहेरचं.

“हो वं माय. जाऊन राहिली.”

 मग मागच्या बाकावरून गोलूचा आवाज आला, पण त्यात नेहमीची टवाळी नव्हती. “मॅडम, एक काय ते ठरवा ना. जाता का राहता?”

या वेळी वर्गात कुणीच हसलं नाही. मॅडमने खडू खाली ठेवला.

“माह्या हाती असतं तं राहिलीच असती, गोलू.”